दगड गेला, बोजा राहिला

खाण कंपन्यांच्या जमिनींवर लिहा असं संपादकांनी सुचवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कोळसा असणार. साहजिक आहे. माझी सगळी नोकरी एका सरकारी कोळसा कंपनीच्या जमीन व महसूल विभागात, वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यात झाली. कोळशाकडे मी येणारच आहे. पण निवृत्तीनंतर खर्ड्याला घरी येऊन राहिलो आणि गेल्या पावसाळ्यापासून एका सातबाऱ्याने माझी झोप उडवली आहे. तो कोळशाच्या जमिनीचा नाही, साध्या काळ्या दगडाच्या माळाचा आहे. म्हणून सुरुवात तिथून करतो.

खर्डा म्हटलं की लोकांना ११ मार्च १७९५ ची निजामाविरुद्धची लढाई आठवते, निंबाळकरांचा किल्ला आठवतो. खाण कुणालाच आठवत नाही. आमच्या जिल्ह्यात कोळसा नाही, लोखंड नाही, मँगनीज नाही. गाव बालाघाटाच्या रांगेत आहे खरं, पण ‘मॉइल’ची मँगनीजची खाण आहे ते मध्य प्रदेशातलं बालाघाट निराळं. आमच्याकडे खाली बेसॉल्टचे थर, त्यावर मुरूम आणि त्यावर हातभर माती. सरकार दरबारी हा दगड आणि हा मुरूम म्हणजे गौण खनिज. माळावर क्रशर चालू झाला तर गावात त्याला कुणी खाण म्हणत नाही, ‘खडी मशीन’ म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र ती खाणच असते. १९५२ च्या खाण कायद्यातून बांधकामाच्या दगडाची उघडी खाण सुटायची ती तीन अटींवर. खोली कुठेही सहा मीटरच्या वर नको, एका दिवशी कामावर पन्नासहून जास्त माणसं नकोत आणि सुरुंग अजिबात नको. बेसॉल्ट सुरुंगाशिवाय फुटत नाही. पहिला बार उडाला की जमीन खाणीची झाली, मग मालक तिला माळ म्हणो की पड.

आता तो सातबारा. गाव, तालुका मुद्दाम सांगत नाही. खर्ड्याच्या आसपास अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव अशा तीन जिल्ह्यांच्या सीमा जवळजवळ येतात, त्यातल्या एका वाडीतली गोष्ट समजा. नात्यातल्या एका वहिनींच्या यजमानांनी रस्त्याचं काम निघालं तेव्हा दोन एकर माळ एका क्रशर कंपनीला भाड्याने दिला. शंभरच्या स्टॅम्पवर करार, नोटरीचा शिक्का, वर्षाचं भाडं आगाऊ. रस्ता झाला, मशीन उचललं, कंपनी गेली. दरम्यान यजमानही वारले. काही काळाने महसूलची माणसं ईटीएस मशीन घेऊन आली, खड्डा मोजून गेली. परवान्यापेक्षा जास्त दगड निघाल्याचा हिशेब झाला. कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली. आदेश निघाला आणि दंडाचा बोजा चढला तो वहिनींच्या गटावर, ‘इतर हक्क’ या रकान्यात. त्यांना हे कळलं कधी? सोसायटीत पीककर्जाचा कागद करायला गेल्या तेव्हा. सचिवांनी सातबारा पाहिला आणि कर्ज होणार नाही म्हणून सांगितलं.

बोजा खड्ड्यापुरता नाही, सबंध गटावर आहे. गटाची पोटहिस्सा मोजणी झालेली नसल्याने त्यात दिराचा हिस्साही अडकला आणि घरात बोलणं बंद झालं. दंडाची रक्कम साऱ्या गटाच्या किमतीहून मोठी आहे. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, “भाऊ, खड्डा त्यांनी केला, पैसं त्यांनी नेलं, मग माझ्या नावावर कशापायी?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला हा सगळा लेख लागणार आहे आणि तरीही ते पुरं होईल असं नाही.

मुळात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. खनिज असलेल्या जमिनीत दोन मालमत्ता असतात. वरची जमीन ही एक आणि पोटातलं खनिज ही दुसरी. पहिलीचा कागद सातबारा, दुसरीचा कागद खाणपट्टा. दोन्हींचा मालक एकच असेल असं नाही, आणि महाराष्ट्रात बहुतेक वेळा तो नसतोच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८ ने जमिनीवर किंवा जमिनीखाली, कुठेही सापडणारी सगळी खनिजं राज्य सरकारकडे ठेवली आहेत. त्यात चालू खाणी आल्या, सोडून दिलेल्या खाणी आल्या, जुने ढीग, खड्डे, शेतं, बांध, नाले, नदीपात्रं, सगळं आलं. कंपनी जमीन खरेदीखताने विकत घेते तेव्हा तिला वरची जमीन मिळते. दगड मिळत नाही, त्यासाठी पट्टा घ्यावा लागतो आणि स्वामित्वधन भरावं लागतं. उलट कंपनीला पट्टा मिळाला म्हणून शेतकऱ्याची जमीन तिची होत नाही. तिथे उतरायचं तर मालकाची संमती आणि पृष्ठभागाची भरपाई हा हिशेब वेगळा करावा लागतो.

हे सांगितलं की हमखास कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवतं, ‘जमिनीखालचं खनिज जमीनमालकाचं’. हा निकाल २०१३ चा, थ्रेसिअम्मा जेकब खटल्यातला. निकाल खरा आहे. पण तो केरळातल्या मलबार भागातल्या जन्मम, म्हणजे परंपरेने पूर्ण खाजगी मालकीच्या, जमिनींचा आहे. तिथे खनिज सरकारचं आहे असं सांगणारा कायदाच सरकारला दाखवता आला नाही, म्हणून न्यायालयाने जमीनमालकाच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे तसा कायदा आहे आणि तो कलम ४८ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. त्या एका मेसेजच्या भरवशावर लोकांनी मुरूम विकला आणि दंड अंगावर घेतला, हे मी पाहिलं आहे. निकालाची पहिली ओळ वाचून पुढे पाठवणाऱ्यांनी शेवटचं पान वाचलेलं नसतं. त्याची किंमत भलताच माणूस मोजतो.

आता माझ्या मनातल्या मुख्य वादाकडे येतो. संपादकांनी इथे थोडी जागा जास्त द्यावी. कलम ४८ चं पोटकलम ७ म्हणतं की कायदेशीर अधिकाराशिवाय जो कुणी खनिज काढील, हलवील, गोळा करील, उचलील किंवा त्याची विल्हेवाट लावील, त्याला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होईल. कर्ता कोण, तर खनिज काढणारा. ज्याच्या जमिनीतून निघालं तो, असं तिथे लिहिलेलं नाही. महसूलचे अधिकारी यावर म्हणतात, मालकाने भाडं घेतलं म्हणजे विल्हेवाटीत त्याचा वाटा आहे. शिवाय जमीन त्याच्या ताब्यात, मग उत्खनन त्याच्या संमतीने झालं असंच धरावं लागतं. या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. डोळ्यांदेखत रात्रीच्या गाड्या भरू देणारे आणि नंतर हात वर करणारे मालकही आहेत. पण वहिनींच्या यजमानांनी परवाना असलेल्या कंपनीला जमीन दिली होती. परवान्यात किती ब्रास लिहिले आहेत आणि रोज किती निघतात, हे मोजायची यंत्रणा मालकाजवळ नव्हती, सरकारजवळ होती. कंपनी सापडत नाही म्हणून जी सापडते तिच्यावर बोजा चढवायचा, ही वसुलीची सोय झाली. कलमाचा अर्थ तो होत नाही.

दुसरी बाब त्या ‘पर्यंत’ या शब्दाची. कायदा पाचपटीची कमाल मर्यादा घालतो. किती पट लावायची हा अधिकाऱ्याच्या विवेकाचा प्रश्न ठेवलेला आहे. मी वाचलेल्या बहुतेक आदेशांत तो विवेक वापरल्याची एकही ओळ नसते, सरळ पाचपट लावलेली असते.

आकडे कसे फुगतात ते पाहा. वीस गुंठ्यांचा खड्डा, खोली सरासरी वीस फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. खड्ड्याचं घनफळ ४,३५,६०० घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे ४,३५६ ब्रास. परवाना २,००० ब्रासचा असेल तर जादा निघाले २,३५६. ब्रासला बाजारभाव हजार रुपये धरा. पाचपटीने दंड १,१७,८०,००० रुपये. वर ६०० रुपये दराने स्वामित्वधन १४,१३,६००. वीस गुंठ्यांच्या खड्ड्यापायी एक कोटी तीस लाखांच्या वर रक्कम जाते आणि आमच्याकडच्या माळाला एकरी काय भाव आहे हे वाचकांना ठाऊक आहे.

आता या हिशेबात एक चूक लपलेली असते, ती मोजणाऱ्यांनाही बऱ्याचदा दिसत नाही. ईटीएस मशीन पोकळी मोजतं. त्या पोकळीत दगडाच्या वर हातभर माती होती, तिच्याखाली चार-पाच फूट मुरूम होता. माती बांधावर ढीग करून ठेवलेली अजून तिथेच आहे. मुरूम बऱ्याचदा क्रशरच्या ओट्याला आणि गाड्यांच्या वाटेला वापरलेला असतो, तोही त्याच गटात. पण पंचनाम्यात सगळी पोकळी ‘दगड’ म्हणून धरली जाते. पुण्याच्या प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं आहे की पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर वापरली तर ती गौण खनिजाच्या व्याख्येत आपोआप येत नाही, ती कशासाठी वापरली हे पाहावं लागतं. तो खटला इमारतींचा होता, खाणीचा नव्हता हे मला कळतं. पण खणलं म्हणजे विकलं असं धरायचं नाही, हे तत्त्व तिथून घेता येतं. त्यात आणखी गाडीतला ब्रास आणि खड्ड्यातला ब्रास एक नसतो. फुटलेला दगड अखंड दगडाच्या साधारण दीडपट जागा घेतो. वाहतुकीचे पास सुट्या मालाच्या ब्रासवर फाडलेले असतात आणि ईटीएस अखंड खडक मोजतं. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात वजाबाकीला घेतले की उत्तर चुकणारच, कधी मालकाच्या विरुद्ध, कधी सरकारच्या.

कोळशात हे असं होत नाही, आणि ते का होत नाही हे सांगताना मला अभिमान वाटतो. कोळशाची जमीन बहुतेक १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) कायद्याखाली येते. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे इथे कोळसा शोधणार. कलम ७ म्हणजे ही जमीन घेण्याचा इरादा, आणि त्यावर हरकतीला तीस दिवस. कलम ९ ची घोषणा झाली की कलम १० नुसार जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे जाते आणि कलम ११ खाली सरकारी कंपनीकडे. वाचायला ही पाच कलमं आहेत. प्रत्यक्षात तो गावागावांतून चालत करायचा पंचनामा असतो. गटाचा बांध, विहिरीची खोली आणि बांधकाम, घराचं जोतं, सागवान किती, मोहाची झाडं किती, आंबा फळता की न फळता, हे सगळं उन्हात उभं राहून नोंदवायचं. राजुऱ्याकडे गेलात की निजाम राजवटीतल्या उर्दू नोंदी समोर येतात. वारस शोधायचे, आदिवासी खातेदार असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पाहायची. दोन एकराला एक नोकरी हे सूत्र लागू असल्याने पाव गुंठ्याच्या फरकावरून सख्खे भाऊ हमरीतुमरीवर येतात. पुढे जमीन ताब्यात आली की नंबर घातलेले सिमेंटचे खांब रोवायचे आणि दर वर्षी ते जागेवर आहेत का पाहायचं. खांब सरकतात, नांगराने सरकतात आणि माणसंही सरकवतात.

आमच्या विभागाला कंपनीत फारसं कुणी विचारत नसे. उत्पादनाचा आकडा रोज सकाळी बोलला जायचा, जमिनीचा आकडा कुणी विचारायचं नाही. पण डंपर उभा राहिला की फोन आमच्याकडेच यायचा. एका गटाचा ताबा राहिला म्हणून अख्ख्या खाणीचा बेंच अडतो. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणात खाजगी कोलियऱ्यांबरोबर आलेल्या जमिनींचे कागद तर वेगळीच तपश्चर्या होती. जुनी खरेदीखतं, फाटके नकाशे, कुठे फेरफारच झालेला नाही. वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये निवृत्तीनंतरही राहणारी कुटुंबं, कंपनीच्या जागेवर उभी राहिलेली दुकानं आणि देवळं. १९७१ च्या सार्वजनिक जागा कायद्याखाली संपदा अधिकाऱ्याला निष्कासनाचे अधिकार आहेत. नोटीस, सुनावणी, आदेश, मग जिल्हा न्यायाधीशांकडे अपील. हे अधिकार वापरणं मला कधी सोपं गेलं नाही. समोरचा माणूस आयुष्यभर भूमिगत खाणीत राबलेला असतो आणि त्याला गावाकडे घर नसतं. कायदा आपल्या बाजूला असला तरी जेवण गोड लागत नाही.

कोळसा संपल्यावर जमिनीचं काय, हा प्रश्न मात्र कोळशातही नीट सुटलेला नाही. वणी, चंद्रपूरकडे शेतकरी विचारतात, कोळसा काढून झाला, आता आमची जमीन आम्हाला द्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ मध्ये पाच वर्षं न वापरलेली जमीन परत करण्याची किंवा लँड बँकेत टाकण्याची तरतूद आहे, तिचा आधार ते घेतात. पण १९५७ च्या कोळसा कायद्यात परतीची वाट नाही. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक धोरण मंजूर केलं. कोळसा काढून झालेली किंवा खाणकामाला निरुपयोगी ठरलेली जमीन सौर प्रकल्प, वॉशरी अशा कामांना भाडेपट्ट्याने देता येईल, मालकी मात्र सरकारी कंपनीकडेच राहील. पडीक जमीन कामाला लागणं चांगलंच आहे. पण मूळ खातेदाराचं नाव त्या धोरणात कुठे आहे, हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

तरी कोळशात निदान खाण बंद करण्याचा पैसा आधी बाजूला काढावा लागतो. २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख रुपये एस्क्रो खात्यात ठेवणं सक्तीचं केलं, पुढे दर वाढले. आणि थोड्या कल्पकतेने काय होतं ते नागपूर जिल्ह्यात दिसतं. वेस्टर्न कोलफिल्ड्सने सावनेरला खाण पर्यटनाचा इको पार्क केला. कोळशावरच्या मातीचे जे डोंगर आम्ही निव्वळ जागा अडवणारे म्हणून नोंदवत होतो, त्यातली वाळू वेगळी काढून घरकुलांना स्वस्तात दिली. म्हणजे ढीगसुद्धा मालमत्ता असते आणि तीही नोंदवहीत यायला हवी.

या बाबतीत मला जर्मनीचं उदाहरण नेहमी द्यावंसं वाटतं. रूर खोऱ्यातली दगडी कोळशाची शेवटची खाण बोट्रॉप इथली, ती २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. पण बंद झाल्यावर काय, याची सोय २००७ सालीच करून ठेवली होती. आरएजी या कंपनीसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केलं. खाणींतलं पाणी कायम उपसत राहावं लागणार, नाहीतर खचलेल्या भागात शहरं पाण्याखाली जातील, हा खर्च आता त्या प्रतिष्ठानाच्या उत्पन्नातून होतो. जुन्या खाणींच्या जमिनी साफ करून नव्या वापराला देण्यासाठी कंपनीची वेगळी शाखा आहे. खाण संपायच्या अकरा वर्षं आधी नंतरच्या जमिनीचा धनी ठरवला गेला. गोव्यात उलट झालं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द केले, मे २०२२ मध्ये राज्य सरकारने पट्टाधारकांना पट्टे सोडून बाहेर पडायला सांगितलं, ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. पट्टा गेला, पण अनेक ठिकाणी वरची जमीन खाजगी मालकीची. यंत्रं कुणी हलवायची, खड्ड्यातलं पाणी कुणी उपसायचं, कडा कुणी सांभाळायच्या? दोन मालमत्ता वेगळ्या असतात हे आधीच ओळखलं नाही की शेवटी असं होतं.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की स्वामित्वधन हा कर नाही आणि खनिज असलेल्या जमिनीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. म्हणजे यापुढे अशा जमिनीची नोंद बरोबर असणं पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचं. मे २०२५ मध्ये राज्याने कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, स्वामित्वधनात सवलत दिली. नदीची वाळू वाचावी हा हेतू योग्यच आहे. पण ती वाळू दगड दळूनच होते. क्रशर वाढणार, आमच्या बालाघाटाच्या माळांवरही येणार. मोठ्या खाणीचं सगळं ओझं पेलायला आमच्यासारखा एक विभाग असतो. क्रशरवाल्याकडे असतो एक मॅनेजर, एक वजनकाटा आणि पासांचं बुक. खड्डा बुजवणं, कुंपण घालणं, माती परत पसरणं हे पर्यावरण परवानगीच्या अटींमध्ये असतं आणि कागद कार्यालयात राहतो. पाच हेक्टरहून लहान खाणींनाही पर्यावरण परवानगी लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच दीपक कुमार खटल्यात सांगितलं. त्या अटी जमीनमालकाला मराठीत वाचून दाखवायच्या, एवढंसुद्धा कुणाचं काम नाही.

वहिनींच्या खड्ड्यात या वर्षी पाणी साठलं आहे. कडा उभ्या, कुंपण नाही, शाळेतली पोरं तिथे डुंबायला जातात म्हणून मी सरपंचांना सांगून काटेरी झुडपं टाकून घेतली. पण खाली उतारावर दिराची विहीर आहे, तिला या वर्षी जास्त पाणी लागलं. आमचा भाग पर्जन्यछायेचा. इथे अर्धी वाडी दिवाळी झाली की ऊसतोडीला जाते. तो खड्डा बुजवा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? खाण बंद करण्याचा आराखडा म्हणतो, भरा. गाव म्हणतं, राहू द्या. मला वाटतं कडा उतरत्या करून, कुंपण घालून तो तलाव म्हणून नोंदवावा. पण त्या पाण्यावर हक्क कुणाचा, गटाचा मालक म्हणून वहिनींचा, की जुन्या खाणी आणि खड्डे ज्याच्या नावे आहेत त्या सरकारचा, याबाबत मी ठाम नाही. कायद्याने खड्ड्यातलं खनिज सरकारचं केलं, पाण्याबद्दल तिथे काही म्हटलेलं नाही.

वहिनींच्या बोज्याविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील दाखल केलं आहे, विलंब माफीच्या अर्जासकट, कारण आदेश त्यांच्या हाती उशिरा पडला. मुद्दे तेच लिहिले आहेत जे वर लिहिले. काढणारा कोण, माती-मुरूम वेगळा का मोजला नाही, पाचपटच का आणि बोजा सबंध गटावर का. तारीख अजून लागलेली नाही.

खर्डा, जामखेड, पाटोदा, भूम या भागातल्या ज्या मंडळींकडे क्रशरवाले माळ मागायला येतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नोटरीवर थांबू नका. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. खाणपट्ट्याची प्रत मागून घ्या, त्यातला गट नंबर आणि ब्रासचा आकडा स्वतः वाचा. पहिला बार उडायच्या आधी पोटहिस्सा मोजून घ्या आणि माळाचे फोटो तारखेसह काढून ठेवा. दंड, कुंपण आणि कडा उतरत्या करण्याचा खर्च कंपनीचा, असं करारात लिहून घ्या आणि तेवढी अनामत आधी घ्या. काम संपलं की ईटीएस मोजणी कंपनीच्या माणसाला उभं करून, त्याची सही घेऊन करा. तो गाव सोडून गेल्यावर केलेली मोजणी तुमच्याच अंगावर येते. आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर असा बोजा आधीच चढला आहे त्यांनी आजच आदेशाची तारीख पाहावी, तहसीलदारांच्या आदेशावर अपिलाची मुदत साठ दिवसांची असते.